शेऱ्याचा रकाना

दर्यापूर तालुक्यातली साठ गावं मी एकदा उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात नेऊन टाकली होती. तेही मे महिन्यात. इकडे अकोल्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि वानखडेंच्या गाडीतला रस्ता दाखवणारा डबा त्यांना सांगत होता, की तुम्हाला जायचंय ते गाव सात हजार किलोमीटरवर आहे.

वानखडे अकोल्यात गाड्या भाड्यानं देत. त्यांचा फोन आला. "शब्बीरभाऊ, काय भरून देल्लं जी तुमी ह्याच्यात? चौफेर निळंच निळं दिसून रायलं."

मी म्हटलं, "गाडी हलवू नका. मी येतो."

"मी कायले हलवतो? सात हजार किलोमीटर कोन जाते?"

चूक माझी होती आणि अगदी साधी होती. जगातली कुठलीही जागा दोन आकड्यांनी सांगता येते. एक अक्षांश, एक रेखांश. आपण शाळेत अक्षांश आधी म्हणायला शिकतो, पण त्या डब्याच्या फाइलीत रेखांश आधी लिहावा लागे. एका दुपारी डोळ्यांवर झापड असताना मी साठच्या साठ ओळी शाळेत शिकल्याप्रमाणे लिहिल्या. डब्याला काय, त्याला आकडे दिले की तो मानतो. त्यानं वऱ्हाड उचललं आणि नॉर्वेच्याही वर नेऊन ठेवलं. ही गोष्ट मी पुढे इतक्या लोकांना हसत हसत सांगितली, की माझ्या धंद्यातली हीच सगळ्यात मोठी चूक, असं मलाही वाटायला लागलं होतं. ती नव्हती. मोठी चूक करताना मी पूर्ण जागा होतो आणि आकडे सगळे बरोबर होते.

माझं गाडीच्या वायरिंगचं दुकान अमरावतीत. वडील डायनामो आणि सेल्फ दुरुस्त करायचे, मी हॉर्न, टेप, सेंट्रल लॉक असं करत करत त्या डब्यापर्यंत आलो. आता दुकान जावई बघतो आणि मी सकाळी दोन तास नुसता बसतो. डोळे गेलेत, मान दुखते, बारीक वायरी हातात धरवत नाहीत. या अंकासाठी लिहा असं संपादकांनी म्हटलं तेव्हा मी ठरवलं, की हॉर्न-टेपवर लिहायचं नाही. सात-आठ वर्षं जगून मेलेल्या एका कामावर लिहायचं. ते काम कधी मेलं हेही कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं.

डबा म्हणजे गाडीच्या काचेला चिकटवायचा हातभर अंतरावरचा छोटा पडदा. आकाशातल्या उपग्रहांवरून तो आपली जागा ओळखायचा आणि बाईच्या आवाजात रस्ता सांगायचा. मोबाइलवर नकाशे यायच्या आधीची गोष्ट आहे. डब्यात कंपनीनं भरलेला नकाशा असायचा, त्यात हायवे होता, पेट्रोलपंप होते, तालुक्याची गावं होती. बाकी वऱ्हाड कोरं होतं.

आणि त्याच वर्षांत त्या कोऱ्या जागेत सगळ्यांना जायचं होतं. शेतीच्या वाईट बातम्यांची ती वर्षं. रोज कुठून तरी पाहणी करणारे यायचे, अहवाल लिहिणारे, फोटो काढणारे, ब्लँकेट वाटणारे, मन मोकळं करायला शिकवणारे. ज्या गावांना आजवर कोणी विचारलं नव्हतं, ती गावं सगळ्यांना सकाळी दहाच्या आत सापडायला हवी होती. गाड्या भाड्यानं देणाऱ्यांची चलती झाली, त्यांच्या मागून माझी. मी गावांचे ठिपके गोळा करायचो, त्यांची फाइल बनवायचो आणि कार्डात घालून डब्यात भरायचो. फाइलीत प्रत्येक गावाची एक ओळ आणि ओळीत चार रकाने. रेखांश, अक्षांश, नाव आणि शेवटी शेरा. नाव इंग्रजी अक्षरांत लिहावं लागे, मराठीत लिहिलं तर पडद्यावर नुसते रिकामे चौकोन दिसत. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवला तरी चालायचं. पडद्यावर नावाला दोनदा बोट लावलं तरच तो दिसे, म्हणून मी तो रिकामाच ठेवायचो.

तक्रारी नाना तऱ्हेच्या यायच्या. एकानं अंश आणि मिनिटं मधल्या टिंबानं जोडून टाकली होती, वीस अंश पंचावन्न मिनिटांचे त्यानं वीस पॉइंट पंचावन्न केले, आणि त्याचं सासर चाळीस किलोमीटर दक्षिणेला सरकलं. त्याला समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, राहू द्या तिथंच. धामणगाव रेल्वेच्या एका कापूसवाल्यानं प्रत्येक जिनिंगजवळ डबा वाजावा अशी सोय करून घेतली होती आणि मग डबा सारखा वाजतो म्हणून तो माझ्याकडे भांडायला आला.

पण तायडे गुरुजींची तक्रार मी विसरलो नाही. गुरुजी अकोल्याचे, शाळेतून निवृत्त झालेले, सोयरिकी जुळवायचा नाद. जुनी गाडी घेऊन गावोगाव फिरायचे. त्यांच्या डब्यात मी दोन रंगांची निशाणं घालून दिली होती. लग्नाच्या मुलाच्या घरावर हिरवं, मुलीच्या घरावर लाल. 'जवळचे' हे बटण दाबलं, की गाडी जिथं उभी असेल तिथून जवळची दहा घरं दिसायची. गुरुजी डबा काढूनच घेऊन आले.

"हा बिघडला जी. कुठंयी दाबा, हिरवेच दाखवते. लाल दिसतच नाई."

मी फाइल उघडली. आकडे बरोबर, रंग बरोबर. हिरव्या ओळी मोजायचा कंटाळा आला इतक्या होत्या, लाल सातच. मी विचारलं, "गुरुजी, यातल्या ओळी कोणी पुसल्या काय?"

"मीच पुसतो. पोरीचं लगन झालं का पुसून टाकतो."

"आणि पोरांचे?"

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्याइचे होतच नाई ना बाप्पा. पोरगा चांगला, वावर हाय, विहीर हाय. पन शेती म्हटलं का पोरीचा बाप चहा पाजते अन् वापस पाठवते. शहरातला शिपाई चालते त्याइले." मग पडद्याकडे बघत म्हणाले, "म्हंजे डबा बरोबर हाय."

मी हो म्हटलं. तरी त्यांच्या समाधानासाठी मी कार्ड पुसून पुन्हा भरून दिलं. त्यानं काही होणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

आता ठिपके मिळवायचे कसे ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. मी एकटा किती गावं फिरणार? म्हणून मी पेपरच्या जीपवाल्यांना, दुधाच्या गाडीवाल्यांना एकेक डबा देऊन ठेवला. सांगितलं, गावात पोचलात की हे बटण दाबा, जागा आपोआप नोंदली जाईल. महिन्याभरात दीडशे गावं जमली. मी खूश. मग नागपूरकडून आलेल्या एका पाहणीवाल्या बाईंचा फोन आला. डबा म्हणतो पोचलात, इथं तर चहाची टपरी आहे, एक निंबाचं झाड आहे आणि झाडाखाली दुधाचे कॅन. गाव कुठे आहे?

गाव पाच किलोमीटर आत होतं. दीडशेतली साठेक गावं अशीच निघाली, सगळी डांबरी रस्त्यावर, फाट्यावर. जीपवाल्यांनी काही लबाडी केली नव्हती. आमच्याकडे माणूस फाट्यावर उतरला की गावात पोचला. पेपरचा गठ्ठा फाट्यावर पडतो, दूध फाट्यावर येतं, एसटी तिथंच थांबते, पाहुण्याला घ्यायला माणूस तिथंच येतो. जीपवाल्याच्या लेखी तेच गाव. मी त्याला रागावलो तर तो मलाच म्हणाला, "मंग अजून कुठं पोचाचं असते?"

म्हणून उरलेली गावं स्वतः फिरून घ्यायची असं मी ठरवलं, आणि तिथं गजानन आला.

एका धर्मादाय दवाखान्याच्या तीन गाड्या होत्या. पुढे ड्रायव्हर, मागे एक बाज मावेल एवढी जागा, टपावर फिरता दिवा. खेड्यातून पेशंट आणायचा आणि दवाखान्यात पोचवायचा. दवाखान्यानं तिन्ही गाड्यांत डबे बसवायला मला बोलावलं. माझ्यासाठी मोठं काम होतं. गावं बरोबर भरून द्यायची, दर आठवड्याला डब्यातला गाडीच्या फिरण्याचा माग काढून मॅनेजर साहेबांना दाखवायचा. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या एका जुन्या ड्रायव्हरनं पेशंट आणायच्या नावाखाली सासुरवाड्या फिरून घेतल्या होत्या, तेव्हापासून त्यांचा ड्रायव्हरच्या तोंडावर विश्वास नव्हता. त्यांनी लेखी हुकूम काढला, की डबा दाखवील त्याच रस्त्यानं जायचं, रस्ता सोडला तर कारण द्यायचं. त्यांना माग वाचायला मीच शिकवलं होतं.

गजानन त्या तीन ड्रायव्हरांतला एक. चाळिशीचा, कमी बोलणारा, खिशात कायम बडीशेप. एप्रिलमध्ये त्याच्या गाडीतून मी आठ दिवस फिरलो. खारपाणपट्टा म्हणतात आमच्याकडे त्या भागाला. विहिरीचं पाणी खारट आणि जमीन काळी, खोल. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरून गाडी धडधडत कुठूनही नेता येते. पावसात तीच जमीन लोण्यासारखी होते, बूट काढून घेते.

त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. डांबरी रस्त्यानं गेलं तर पुढच्या फाट्यावरून वळून चौदा किलोमीटरचा वळसा. गजाननानं अलीकडेच गाडी वळवली, शेतांमधल्या पांदणीनं घातली, कोरडा नाला ओलांडला आणि दहा मिनिटांत गावात आणली. मी देवळासमोर उतरून बटण दाबलं. यावेळी ठिपका अगदी गावाच्या छातीवर होता, फाट्यावर नाही. मी खूश होतो.

परतताना नाला ओलांडल्यावर त्यानं गाडी थांबवली आणि मागे बोट केलं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळल्या काड्यांपलीकडे गाव दिसत होतं, देवळाचा कळस, पाण्याची टाकी.

"हे लिहून ठेवा जी शब्बीरभाऊ. पावसायात इकून गाव दिसते, पोचता येत नाई."

मी "हो" म्हणालो. लिहिलं नाही. गाडीत ऊन होतं, पाठ भिजली होती, पुढे अजून सहा गावं होती. घरी आल्यावर त्या रात्री दोनशे ओळी भरताना मी शेऱ्याचे सगळे रकाने नेहमीसारखे रिकामे ठेवले. दोनदा बोट लावून कोण वाचतं?

एक गोष्ट अजून समजून घ्या. डब्याच्या नकाशात त्या गावचा रस्ताच नव्हता, ना पांदण, ना वळशाचा. अशा वेळी डबा ठिपक्याच्या सगळ्यात जवळ जाणारा ओळखीचा रस्ता धरतो आणि तिथून पुढे सरळ रेष ओढून देतो. ती रेष बरोबर पांदणीवरून जात होती. ऑगस्टमध्येही ती तिथूनच जाणार होती, कारण रेषेला पाऊस माहीत नसतो.

ऑगस्टमध्ये शोभा नावाच्या मुलीला साप चावला. बावीस-तेवीस वर्षांची, मजुरीनं निंदायला गेली होती. तण उपटायला उजवा हात घातला आणि पऱ्हाटीच्या बुडाशी घोणस होती. सकाळी अकराची वेळ. गावातून दवाखान्यात फोन गेला आणि गजाननाची गाडी निघाली.

त्याला वळशाचा रस्ता ठाऊक होता. पण त्याच महिन्यात दोनदा त्याला साहेबांसमोर उभं राहावं लागलं होतं, लांबच्या रस्त्यानं का गेलास म्हणून. दहा दिवस उघाड होती. चौदा किलोमीटर वाचत होते आणि मुलीला साप चावला होता. फाट्याच्या अलीकडे डब्यातली बाई बोलली, उजवीकडे वळा. तो वळला. आदल्या रात्री त्या बाजूला एक सर येऊन गेली होती, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

नाल्याच्या अलीकडे मागची दोन्ही चाकं बुडाली. तो उतरून दगड शोधायला लागला. त्या मातीत दगड नसतात. गावातून ट्रॅक्टर येईपर्यंत, पोरीला बाजेवर घालून चिखलातून गाडीपर्यंत आणेपर्यंत आणि गाडी ओढून काढेपर्यंत दोन तासांच्या वर गेले. दवाखान्यात डॉक्टरांनी जीव वाचवला. हात काळानिळा झाला होता. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढावी लागली.

दोन दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. डबा टेबलावर होता. गजानन बाहेर बाकावर बसला होता, मी जाताना त्यानं मान हलवली.

साहेब म्हणाले, "हा म्हणतो, डब्यानं दाखवलं म्हणून मी तिकडून गेलो. तुम्ही तपासा आणि लेखी द्या. डबा ठीक आहे का?"

मी तपासला. उपग्रह मिळत होते, कार्ड चांगलं होतं, ठिपका देवळासमोर होता.

"अजून एक," साहेब म्हणाले, "तो म्हणतो की एप्रिलमध्येच त्यानं तुम्हाला सांगितलं होतं, हा पावसाळ्याचा रस्ता नाही म्हणून. खरंय?"

मला ते ऊन आठवलं, त्याचं बोट आठवलं, कळस आठवला. मी म्हणालो, "साहेब, दोनशे गावं फिरलो. कुठं कोण काय बोललं, काय काय लक्षात राहणार?"

आणि कागदावर लिहून दिलं: यंत्र तपासले, यंत्रात कोणताही बिघाड आढळला नाही.

या वाक्यात एक शब्दही खोटा नाही. म्हणूनच ते मला इतक्या सहज लिहिता आलं. तीन गाड्यांचं काम हातचं जाईल, बाजारात नाव जाईल, एवढंच डोक्यात होतं. बाहेर आलो तेव्हा गजानन उभा राहिला आणि विचारलं, "काय झालं जी?" मी म्हटलं, "डबा ठीक आहे." त्याला वाटलं आपण सुटलो. डबा ठीक आहे म्हणजे त्यानंच रस्ता दाखवला हे सिद्ध झालं, असं त्या साध्या माणसाला वाटलं. साहेबांनी त्याचा उलटा अर्थ काढला, की ठीक असलेला डबा शेतात गाडी घालायला सांगणार नाही, म्हणजे हाच आडवाटेला घुसला. महिना संपायच्या आत त्याला काढून टाकलं. नातेवाइकांत, फाट्यावर, सगळीकडे एकच बोलणं झालं, की गजाननानं पोरीचा हात घालवला.

मी दुकानात बसायचो आणि काम करायचो. घरी जुबेदा, माझी बायको, एकदा जेवताना म्हणाली, "उस ड्रायवर का क्या हुआ? गरमी में तुम्हारे साथ घूमा था, वो." मी तिला सगळं सांगितलं. ती ताट बाजूला सारून म्हणाली, "तो तुम्हें याद है ना सब?"

मी म्हटलं, याद है.

  शेवटी दिवाळी झाल्यावर मी दुसरं पत्र लिहिलं. गजाननानं मला सांगितलं होतं, मी नोंद केली नाही, डब्यानं दाखवलेला रस्ता हाच होता, चूक माझ्या यादीची. साहेबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग म्हणाले, "शब्बीर, हे तेव्हा द्यायचं होतं." नवा ड्रायव्हर ठेवला होता. पत्र फाइलीला लागलं. गाड्यांचं काम माझ्याकडून काढून घेतलं, ते बरोबरच केलं. ज्या कामापायी मी हे केलं ते काम पुढच्या वर्ष-दोन वर्षांत मोबाइलमुळे तसंही सगळ्यांचंच गेलं.

पत्राची एक प्रत घेऊन मी गजाननाकडे गेलो. तो फाट्यावर एकाची काळीपिवळी चालवत होता. टपरीसमोर गाडी लावून सवारीची वाट बघत बसला होता. त्यानं पत्र पूर्ण वाचलं, घडी घातली आणि बडीशेपेच्या खिशात ठेवलं. मी म्हटलं, "शिव्या दे बाबा."

"त्यानं काय होते जी?" तो म्हणाला. मग रस्त्याकडे बघत विचारलं, "शोभाले सांगतलं काय?"

तिला मी अजून पाहिलंही नव्हतं.

"सांगा लागते," गजानन म्हणाला. "ते पोरगी अजून हेच समजते का म्या उशीर केला. तिच्या मायनं माह्या घरी येऊन मले इचारलं, कावून केलं असं म्हनून. मी काय सांगू? बसा गाडीत."

सवाऱ्या सोडून तो निघाला. पुन्हा तीच पांदण, आता कोरडी. नाल्यापाशी गाडी ठेवून आम्ही चालत गेलो. कापूस फुटला होता. बायका ओळीनं वेचत होत्या आणि शोभा तिच्या आईच्या शेजारच्या ओळीत होती. डाव्या हातानं वेचत होती. उजव्या हातानं ओटी धरली होती, उरलेल्या दोन बोटांनी. बाकीच्या बायका पुढे गेल्या होत्या आणि तिची आई तिच्यासाठी मागे राहिली होती.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. डबा म्हणजे काय, ठिपका म्हणजे काय, हे तिला सांगताना मला माझीच लाज वाटायला लागली. मग ते सोडून दिलं आणि एवढंच म्हणालो, "पावसाळ्यात इकडून गाडी येत नाही, हे या गजाननानं मला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही. त्याची चूक नव्हती, माझी होती."

तिच्या आईनं गजाननाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. शोभानं हातातला कापूस ओटीत टाकला. मला वाटलं तिला कळलं नसेल. मग ती नाल्याकडे बघत म्हणाली, "मले गाडी दिसत होती जी. दारात माही बाज टाकली होती ना. पऱ्हाटीवरून तो दिवा फिरतानी दिसे. म्या मायले म्हटलं, आली. मंग म्या डोये मिटले."

गजाननाला मी तोपर्यंत कधी रडताना पाहिलं नव्हतं. तो बांधावर जाऊन पाठमोरा उभा राहिला. मी तिथंच उभा राहिलो. शोभानं ओटी सावरली आणि पुढच्या झाडाला हात घातला. वेचणी थांबवून तिला चालणार नव्हतं.

परत येताना नाल्यापाशी तो थांबला नाही, सरळ गाडीत बसला, आणि मीही मागे वळून पाहिलं नाही. फाट्यावर उतरताना मी त्याला विचारलं, की गाव दाखवत तू एप्रिलमध्ये काय म्हणाला होतास, ते शब्द पुन्हा सांग. त्यानं सांगितले.

घरी येऊन मी फाइल उघडली. दवाखान्याचे डबे आता माझ्याकडे नव्हते, त्यामुळे ही यादी कुठल्याच गाडीत जाणार नव्हती. तरी मी त्या गावाची ओळ शोधली. रेखांश बरोबर होता, अक्षांश बरोबर होता, नाव बरोबर होतं. शेऱ्याच्या रकान्यात मी इंग्रजी अक्षरांत, एका बोटानं, गजाननाचे शब्द लिहिले: पावसायात इकून गाव दिसते, पोचता येत नाई.